पुठ्ठ्याची खिडकी

मोठे गुरुजी फळा दोनदा पुसत. आधी ओल्या फडक्यानं पुसायचा, मग तो वाळेपर्यंत दारात तिरकं उभं राहून, एक डोळा बारीक करून त्याच्याकडं बघत राहायचं. फळा वाळला की पुसलेली अक्षरं पांढुरकी होऊन पुन्हा वर येत. कालची बेरीज, परवा गैरहजर असलेल्या पोरांची नावं. ती दिसली की गुरुजी चोर सापडल्यासारखी मान हलवत आणि कोरड्या फडक्यानं ती घासून काढत.

"ओलं हाय तवर समदं साफच दिसतं, सर," ते मला म्हणाले होते. "वाळू द्यावं. मंग कळतं काय ऱ्हायलं ते."

मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. नायगावपासून बरीच आत असलेल्या एका गावातली चार खोल्यांची शाळा, आम्ही पाच शिक्षक. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली आणि सातही वर्षं त्यांच्या माघारी त्यांची नक्कल केली. नक्कल मला छान जमायची. एक डोळा बारीक करून फळ्याकडं बघणारे गुरुजी मी केले की स्टाफ पोट धरून हसायचा. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगायचं आहे त्यात कुणी माझी बाजू घेऊ नये म्हणून.

त्यांचा कीपॅडचा फोन चष्म्याच्या जुन्या घरात असे. फोन वाजला की ते उठून थेट मैदानाच्या मधोमध जात, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण कानानं जरा कमी असल्यामुळं इतक्या मोठ्यानं बोलत की पलीकडच्या वाडीला ऐकू जावं. बोलणं मात्र ठरलेलं. "हाव. न्हाई. बरं. भेटल्यावर सांगतो." सगळ्या गावानं त्यांचे सगळे फोन ऐकले आणि कुणाला कधी काही कळलं नाही.

वाया गेलेला कागद ते तसाच टाकत नसत. चिंध्या करत, अर्ध्या चिंध्या खिचडीच्या चुलीत घालत आणि अर्ध्या पिशवीत घालून घरी नेत. घरी त्यांचं काय करत ते त्यांच्या बायकोलाच माहीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशी वैतागत.

"गुरुजी, चूल पेटवायला बी अर्धाच कागद देता व्हय?"

"दोन्ही अर्धे एका जागी नसावेत, मावशी."

"अव्हो, जळून राख व्हतंय की त्याचं."

"राखंचं मला ठावं न्हाई. कागदाचं ठावं हाय."

कुणी रजेचा अर्ज आणला की ते वरचं नाव आणि खालची तारीख बघत आणि मधला मजकूर न वाचता सही करत. मी एकदा विचारलं, "गुरुजी, कारण तर बघा." ते म्हणाले, "कारण त्याचं हाय. रजा माझ्या हातात हाय, तेवढी मी देतो."

त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे खिडकी. शाळेत एक जाडजूड रजिस्टर असतं. शाळा सुरू झाली तेव्हापासूनच्या प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं. दाखला काढायला माणूस आला की ते उघडावं लागतं, आणि उघडलं की समोरच्याचे डोळे आपल्या ओळीवर थांबत नाहीत, शेजारच्या ओळीवर जातात. म्हणून गुरुजींनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा रजिस्टरच्या मापाचा कापला होता आणि त्याला मधोमध एक लांब फट पाडली होती, बरोबर एका ओळीएवढी. पुठ्ठा पानावर ठेवायचा, फट त्या माणसाच्या ओळीवर आणायची आणि म्हणायचं, "बगा तुमचं." बाकीचं पान झाकलेलं. पुठ्ठ्यावर दोन्ही हातांचे पंजे दाबून ते बसत, हार्मोनियम वाजवायला बसल्यासारखे.

निवडणुकीच्या हंगामात या खिडकीला फार महत्त्व येई. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर तिसरं लेकरू आडवं येतं, हे गावाला पाठ. त्यामुळं अर्ज भरायचे दिवस आले की गावातले पुढारी शाळेत येऊन एकमेकांच्या लेकरांची चौकशी करत. एकदा एक जण आला, खुर्ची ओढून बसला आणि प्रेमानं म्हणाला, "गुरुजी, जरा रजिस्टर दाखवा की."

"तुमच्या कोणत्या लेकराचं पाहिजे?"

"माझं न्हाई हो. त्याच्या धाकट्याची जन्मतारीख बघायचीय. एक नजर नुसती."

गुरुजींनी रजिस्टर काढलं, पुठ्ठा ठेवला, फट सरकवत सरकवत एका ओळीवर आणली आणि पंजे दाबले. पुढारी वाकला. ती त्याच्या स्वतःच्या पोराची ओळ होती.

"ह्येचं बघा," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्याचं पाहिजे तर रीतसर अर्ज आणा, वरून परवानगी आली तर बगू."

तो माणूस पुढं सहा महिने शाळेच्या पाण्याच्या मोटारीत काही ना काही खोड काढत होता. गुरुजींनी पाणी घरून डब्यात आणलं, पण पुठ्ठा उचलला नाही.

आता भज्यांचं सांगतो. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, आणि गुरुजींनीही सांगितली नाही.

दिवाळीच्या सुटीआधी कपाटं आवरायचं काम माझ्याकडं होतं. गुरुजी दोन दिवस ट्रेनिंगला नांदेडला गेले होते. जुने कागद बाजूला ठेवा, मी आल्यावर बघतो, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांच्या चिंध्या करण्याच्या कामात आपण आठवडाभर अडकणार, हे माझ्या लक्षात आलं. मी सरळ एक पोतं भरलं आणि रद्दीवाल्याला देऊन टाकलं. मोकळं कपाट बघून मला फार कर्तबगार वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "सर, चला नायगावला. भजे खाऊ." गुरुजी भजे खाऊ म्हणतात याचंच मला नवल वाटलं. नाक्यावरच्या गाड्यापाशी उभं राहून त्यांनी दोन प्लेट सांगितल्या. भजी कागदावर आली. गुरुजींनी ती सावकाश संपवली, मग कागद बोटांनी सरळ करून माझ्यापुढं धरला. आमच्याच शाळेचा होता. आमच्याच एका सरांचा रजेचा अर्ज, तेलानं पारदर्शक झालेला, आणि तेलामुळं मधला मजकूर जास्तच ठळक दिसत होता. बायकोचं पोट पडलं, दवाखान्यात नेतो, असं लिहिलेलं. गुरुजींनी तेवढा भाग अंगठ्यानं झाकला होता, पण मी आधीच वाचला होता.

"परवा बी भजे घेतले होते मी हितून," गुरुजी म्हणाले. "तवा दुसऱ्याचा कागद आला होता."

 त्यांनी मला काही विचारलं नाही. ते गाडेवाल्याकडं वळले. "तुमच्याकडं हे कागद किती हायत?"

"हाय की गठ्ठाभर. कामून गुरुजी?"

"समदे द्या."

"अन् मी भजे कशात देऊ? गिऱ्हाईकाच्या हातावर घालू का उकळते?"

गुरुजी समोरच्या शिंप्याकडं गेले, त्याच्याकडचे जुने पेपर उचलून आणले आणि ती थप्पी गाड्यावर ठेवून आमचा गठ्ठा घेतला. मग आम्ही रद्दीवाल्याकडं गेलो, तिथून उरलेलं अर्धं पोतं आणलं. परतताना मी स्कूटर चालवत होतो आणि माझ्या पाठीला पोतं लावून ते मागं बसले होते. गावाजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "कांद्याचे भजे बरे होते."

मी सुटीभर वाट बघितली. स्टाफसमोर बोलतील, मेमो देतील, निदान एकदा तरी म्हणतील की सर, हे बरं केलं नाहीत. काही नाही. ते सर, ज्यांचा अर्ज होता, पुढं माझे मित्र झाले, आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो. त्यांचं दुःख मी भज्याच्या कागदावर वाचलंय हे त्यांना माहीत नाही.

असा धडा मिळाल्यावर शहाणा माणूस जन्मभर जपून राहिला असता. मी तंत्रस्नेही झालो.

तंत्रस्नेही शिक्षक हा आमच्याकडं एक दर्जा आहे. कॉम्प्युटरचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं की प्रमाणपत्र आणि एक बिल्ला मिळतो. बिल्ला खरं तर प्रशिक्षणापुरता असतो. मी तो तीन वर्षं लावला. गुरुजी तोवर निवृत्त होऊन नायगावला राहायला गेले होते. आता शाळेत कुठलीही ऑनलाइन माहिती भरायची तर सगळे माझ्याकडं येत, आणि मी खुर्चीत मागं रेलून "सर्व्हर डाऊन दिसतो" असं म्हणे. हे म्हणताना फार बरं वाटतं.

मग बदल्यांचे ऑनलाइन अर्ज आले. आमच्या शाळेतल्या एक मॅडम एका दुपारी पोरं घरी गेल्यावर माझ्यापाशी आल्या. प्लास्टिकच्या कव्हरात एक कागद होता, तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. नवऱ्यानं टाकलेल्या शिक्षिकांना बदलीत प्राधान्य असतं, त्याचा दाखला होता तो. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम करत होतो. गळ्यात मंगळसूत्र, दिवाळीला "साहेब हैदराबादहून येऊन गेले का" या प्रश्नाला "हाव, आले होते की" हे उत्तर. मला कसलाच पत्ता नव्हता.

"सर, हे तुम्हाला आणि त्या कॉम्प्युटरला," त्या म्हणाल्या. "अर्धापूर मिळालं तर आई जवळ पडंल. पण पोरीला माहीत न्हाई. ती लातूरला होस्टेलला हाय, बारावी, नीट, समदं यंदाच. वडील कंपनीत कामात हायत एवढंच तिला ठाऊक. पेपर होऊ द्या, मी माझ्या तोंडानं सांगणार हाय. तोवर कुठून कळलं तर ती पुस्तकाला हात लावायची न्हाई."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती पाळलीही. माझ्या बायकोलासुद्धा बोललो नाही. एवढं मोठं गुपित आपण पोटात ठेवलं याचा मला आतून अभिमान वाटायचा.

त्याच आठवड्यात मी एक फाईल बनवली. अर्ज कसा भरायचा, पायरी पायरीनं, एकोणीस पानं. प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो हवा होता. पडद्यावर भरलेला अर्ज एकच होता, मॅडमचा. मी स्क्रीनशॉट काढले, वर्डमध्ये चिकटवले आणि चारही बाजूंनी कापले. नाव गेलं, गाव गेलं, कारण गेलं, फक्त बटण आणि त्याची एक ओळ उरली. कापताना मला गुरुजींची खिडकी आठवली, आणि खरं सांगतो, मी मनात म्हटलं की गुरुजींचं पुठ्ठ्याचं काम आपण कॉम्प्युटरवर नेलं. कुणी ढापू नये म्हणून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत माझं नाव लिहिलं होतं, खाली तंत्रस्नेही शिक्षक.

आधी मी पीडीएफ पाठवली. लगेच निरोप सुरू झाले, "सर, ओपन फाईल टाका ना." आमच्यात ही रीत आहे. दुसऱ्यानं केलेली फाईल ओपन मिळाली की त्यावरचं नाव काढून आपलं घालता येतं आणि आपल्या तालुक्यात आपण तंत्रस्नेही ठरतो. मीही पुष्कळ वेळा हेच केलं होतं. माझी फाईल मागितली जातेय याच आनंदात मी ती ओपन फाईल नांदेडच्या ग्रुपांवर टाकली, तिथून ती लातूरच्या ग्रुपांवर गेली.

शनिवारी दुपारी शाळा सुटताना शिरूर अनंतपाळहून एका अनोळखी गुरुजींचा फोन आला.

"सर, राग धरू नका. तुमचं नाव काढून माझं टाकून राहिलो होतो."

"बरं," मी म्हणालो.

"नाव फोटोतच कोरलंय तुम्ही. म्हणलं कोपरा जरा अजून कापावा. कापायच्या बटणावर गेलो तर फोटो बारीक व्हायच्या जागी मोठाच झाला की. पान नऊ बघा. एका मॅडमचं समदंच दिसून राहिलंय. नाव, शाळा, कारण बी."

मी फाईल उघडली. पान नऊ. फोटोवर बोट ठेवून कापायचं बटण दाबलं. जे मी कापून फेकलं होतं ते चारही बाजूंनी करड्या सावलीसारखं वर आलं. कड धरून ओढली तर पडदा सरकावा तसा आख्खा अर्ज उघडा झाला. वर्ड कापत नाही, फक्त झाकतं, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बिल्ला छातीवर असताना कळलं.

यानंतर मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. जिथं जिथं फाईल पुसता येत होती तिथं पुसली, दोन ग्रुपांवर जमलं, बाकी ठिकाणी वेळ टळून गेली होती. मग मी सगळ्या ग्रुपांवर एक सूचना टाकली. "तातडीचे. जुनी फाईल कृपया कोणीही उघडू नये. पान नऊवरील चित्रात एका भगिनीची खाजगी माहिती दिसत आहे." पान क्रमांक दिला. मास्तर माणूस, संदर्भ दिल्याशिवाय राहवत नाही. दहा मिनिटांत तिघांचे निरोप आले. "सर, आम्हाला जुनी फाईल मिळाली नाही, पाठवा."

मी मोटारसायकल काढून नायगावला गुरुजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. पुढ्यात पाण्याची वाटी, वाटीत औषधाच्या पार्सलवरची पत्त्याची चिठ्ठी भिजत घातलेली. शाई सुटायची वाट बघत होते.

"गुरुजी, घोटाळा झाला. आपल्या मॅडम हायत ना, त्यांचं..."

"थांबा. काय ते सांगू नका. कसं झालं ते सांगा."

मी लॅपटॉप उघडून माझ्याच एका फोटोवर दाखवलं. कापला, मग कड ओढली, पुन्हा आख्खा केला. गुरुजींनी डोळा बारीक केला.

"म्हंजे हा पुठ्ठा."

"हाव."

"आन् रजिस्टर?"

"खाली तसंच हाय."

"आन् ते तुम्ही दिलं कुणाला?"

"सगळ्यांना."

त्यांनी वाटीतली चिठ्ठी बोटानं पाण्यात खाली दाबली. "पुठ्ठा माझ्या हातात ऱ्हायचा, सर. रजिस्टर कपाटात जायचं, कपाटाची चावी माझ्याकडं. तुम्ही पुठ्ठ्यासकट रजिस्टर वाटलं की." मग म्हणाले, "बाईला सांगितलं?"

"अजून न्हाई. म्हणलं आधी जरा आवरतो. एकेकाला फोन करून पुसायला सांगतो. आपण भज्यांचे कागद गोळा केले होते तसं."

"ते एका गाड्यावर होते. हे न्हाई गोळा व्हायचं." आयुष्यभर चिंध्या गोळा केलेला माणूस हे म्हणत होता. "उद्या कोणता वार?"

"रविवार."

मग मला उमगलं. लातुरात होस्टेलला पोरांना भेटायचा दिवस रविवार. दोन्ही जिल्ह्यांतल्या निम्म्या गुरुजींची लेकरं लातूरला क्लासला. उद्या ते सगळे डबे घेऊन जाणार, आणि त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये पान नऊ असणार. कुणीतरी आपल्या पोरीला सहज विचारणार, तुझ्या होस्टेलात अमुक मॅडमची मुलगी आहे का गं.

"गुरुजी, मॅडमला तुम्ही सांगता का?" मी म्हणालो. "तुमचं त्या ऐकतील."

"पाप तुमचं, आन् जबान माझी कामून?"

ते माझ्याबरोबर आले, पण मॅडमच्या खोलीबाहेरच, जिन्यापाशी थांबले. मी आत जाऊन सांगितलं. मॅडम रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "किती जणांकडं गेलं?" म्हणाल्या. मी सांगितलं, माहीत नाही. "लातूरला बी?" मी मान हलवली. त्या उठल्या आणि पिठाचा डबा काढला.

"सकाळी निघू," त्या म्हणाल्या. "दशम्या करून घेते. रिकाम्या हातानं गेले तर तिला दारातच कळंल."

सकाळी मेहुण्याची गाडी मागून आणली. गुरुजी पुढं माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही गाडी चालवा. बोलू नका." मी बोललो नाही, हे माझं त्या दोन दिवसांतलं एकमेव बरं काम. अहमदपूरच्या पुढं मॅडमनीच मागून सुरुवात केली. "गुरुजी, तुम्हाला एव्हाना कळलंच आसंल..."

"मला काई ठावं न्हाई, बाई. आन् सांगू बी नका. पोरीपुढं काय बोलायचं ते मनात इत्मिनानानं, सावकाश लावून घ्या. आम्हाला सांगून शिळं करू नका."

होस्टेलच्या फाटकापाशी आईबापांची गर्दी होती. मॅडम डबा घेऊन आत गेल्या. आम्ही बाहेर भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. तेवढ्यात अर्धापूरकडचे एक ओळखीचे सर मला बघून आले, लेकीला केळी घेऊन आले होते.

"काय तंत्रस्नेही, लई फेमस झालात." मग आवाज उतरवून, "त्या पान नऊवरच्या मॅडम तुमच्याच शाळेतल्या ना हो? त्यांचं खरंच तसं हाय काय?"

मी तोंड उघडलं. काय बोललो असतो देव जाणे, मला गप्प बसता येत नाही हे तोवर सिद्ध झालं होतं. पण गुरुजी मध्ये आले. त्या सरांच्या खांद्यावर हात ठेवून, मैदानात फोनवर बोलायच्या त्या आवाजात त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही बी बदलीचा अर्ज भरला का?"

"हाव, भरला की."

"कोणतं कारण लिवलं?"

फाटकापाशी उभे असलेले सगळे वळून बघायला लागले. सरांच्या हातातली केळी या हातातून त्या हातात गेली.

"ते... घरगुती हाय, गुरुजी."

"मंग त्यांचं बी घरगुतीच आसंल," गुरुजी म्हणाले, तितक्याच मोठ्यानं. "जावा, पोरगी वाट बघून राहिली तुमची."

सर गेले. गर्दीतल्या आणखी दोघांनी हातातले फोन खिशात घातले. निदान मला तसं वाटलं.

अर्ध्या तासानं मॅडम आणि त्यांची लेक बाहेर आल्या. पोरीचे डोळे सुजले होते, दशम्यांचा डबा तिनं पोटाशी धरला होता. माझी माफी मी गाडीत पाठ करून ठेवली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, कापलेला भाग डिलीट करायचं वेगळं बटण असतं," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं, बेटा."

"हं." तिनं डबा जरा वर घेतला. "आई म्हणाली तुम्ही लपवलं न्हाई. स्वतःहून येऊन सांगितलं."

गुरुजी माझ्या शेजारीच होते. ते रस्त्यापलीकडच्या क्लासच्या पाट्या वाचायला लागले. मी त्यांच्याकडं बघितलं, मग पोरीकडं.

"हाव," मी म्हणालो.

फाईलपेक्षा मला हा "हाव" जास्त छळतो. फाईल अडाणीपणानं गेली. हे मी समजून उमजून केलं. परतीच्या वाटेवर गुरुजी त्यावर काही बोलले नाहीत, जसे भज्यांवर बोलले नव्हते. त्या गप्प बसण्याखाली माझी किती पापं झाकलेली आहेत, मीच आता मोजत नाही.

मॅडमना अर्धापूर तालुका मिळाला. पोरीनं पेपर दिला. निकाल काय लागला ते तिचं तिनं सांगायचं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आधी मॅडमकडं नेलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. शेवटच्या "हाव"पाशी थांबून म्हणाल्या, "ते मला कळलं होतं, सर. तुम्ही सांगायला आलात तवा गुरुजी जिन्यात उभे होते." मग दोन ठिकाणी बोट ठेवलं, हे आणि हे नको. मी ते नुसतं खोडलं नाही, खोडलेलं वाचता येतं. घरी येऊन पहिल्या ओळीपासून सगळं नव्यानं लिहिलं आणि जुने कागद फाडले. सवय नसल्यामुळं फार वेळ लागला.

मग नायगावला गेलो. गुरुजींनी चष्मा लावला. फळ्याचं वाचलं, फोनचं वाचलं, मावशींचं वाचून जरा हसले. भज्यांपाशी आले तेव्हा चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"रद्दी तुम्ही विकली ते बी लिवलं?"

"लिहिलं."

"मी कुणाला बोललो नव्हतो."

"माहीत हाय, गुरुजी."

ते पुढं वाचायला लागले. मॅडम दुपारी माझ्यापाशी येतात तिथं आले आणि थांबले. बोट त्या ओळीवर ठेवूनच त्यांनी विचारलं, "हितून पुढं बाईचं हाय?"

"हाव. पण तुमचं बी हाय. होस्टेलच्या फाटकावरचं. तुम्ही तिथं जे केलं ना, तेच तर चांगलं आलंय. मॅडमची हरकत न्हाई, त्यांनीच वाचायला परवानगी दिलीय."

"त्यांनी तुम्हाला दिली. मला त्या काही बोलल्या न्हाईत."

त्यांनी कागद गुडघ्यावर आपटून कडा सारख्या केल्या आणि परत दिले.

दोन जिल्ह्यांतल्या गुरुजी लोकांत, पान नऊवर काय होतं हे माहीत नसलेला माणूस माझ्या माहितीत आजही एकच आहे. आणि शिरूर अनंतपाळचा तो फोन ठेवल्यावर मी सगळ्यात आधी त्यालाच सांगायला धावलो होतो.